भूम परिसरातील दिगंबरत्व आणि दंडविधान

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट व कुंथलगिरी ही दोन्ही गावे येतात. पहिले शेतीवर जगणारे. दुसरे देशभूषण व कुलभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. क्षेत्राकडे पायी जाणारा नग्न साधू या टापूतील लोकांस अपरिचित नाही. मराठीनेही येथे शब्दांची निवड काटेकोरपणे केलेली आहे. शेतात राबणारा गडी ‘उघडा’, लाज सोडलेला ‘नागडा’, आणि मयूरपिच्छी व कमंडलू घेऊन चालणारा ‘दिगंबर’. देहाची अवस्था थोड्याफार फरकाने सारखीच. भेद पाहणाऱ्याच्या मनातील आहे.

ही परिस्थिती अखंड चालत आली असे मात्र मानता येत नाही. मध्ययुगात दिगंबर संघाचे नेतृत्व वस्त्रधारी भट्टारकांकडे गेले. त्यांच्या गाद्यांपैकी कारंजा व लातूर येथील गाद्या मराठी मुलखातील होत. श्रुतसागर या सोळाव्या शतकातील ग्रंथकाराने मुनींनी वस्त्र घेण्याच्या प्रथेचा संबंध वसंतकीर्ती या आचार्याशी व परकीयांच्या उपद्रवाशी जोडला आहे. भट्टारकदेखील दीक्षेच्या वेळी क्षणभर विवस्त्र होत व मग पंचांच्या विनंतीवरून वस्त्र स्वीकारीत. आदर्श सोडला नव्हता, तो पेटीत जपून ठेवला होता, असे म्हणावे लागेल.

तो पेटीतून बाहेर काढण्याचे कार्य विसाव्या शतकात मुख्यतः दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या सीमेवर झाले. बेळगाव भागातील भोज गावचे सातगौडा पाटील यांनी 1920 मध्ये मुनिदीक्षा घेतली. हेच आचार्य शांतिसागर. 1927 नंतर त्यांनी संघासह उत्तर हिंदुस्थानात विहार केला. ज्या नगरांत कित्येक पिढ्यांनी नग्न मुनी पाहिला नव्हता, तेथे तो राजमार्गावरून चालू लागला. दृष्टी मंदावल्याने जीवरक्षा पाळणे अशक्य झाले, तेव्हा 1955 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना आरंभिली. छत्तिसाव्या दिवशी, 18 सप्टेंबर 1955 रोजी, त्यांचा देह पडला. सल्लेखनेच्या काळातील त्यांचे अखेरचे प्रवचन मराठीत झाले. दर्शनास हजारोंचा समुदाय लोटला होता, त्यात स्त्रियाही होत्या.

त्या वेळी हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवटीचा स्वतंत्र दंडसंग्रह जाऊन 1951 मध्ये 1860 ची भारतीय दंडसंहिता तेथे लागू झाली होती. तिच्या 294 व्या कलमात नग्नतेचा शब्दही नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य, आणि त्यापासून इतरांस होणारा उपद्रव, हे दोन्ही सिद्ध झाले तरच गुन्हा. मुंबई पोलीस अधिनियम, 1951 हा पुढे मराठवाड्यासही लागू झाला. त्याचे 110 वे कलम देहप्रदर्शनाविषयी स्पष्ट बोलते. पण तेही ते बुद्धिपुरस्सर व असभ्यपणे केलेले असावे अशी अट घालते. गमतीची गोष्ट अशी की, अश्लील चित्रे व ग्रंथ यांविषयीच्या 292 व्या कलमात देवालयांतील शिल्पास स्पष्ट सूट आहे. म्हणजे धाराशिवच्या लेण्यांतील पाषाणाचा नग्न पार्श्वनाथ कायद्याच्या अक्षरानेच मुक्त; पण 294 व्या कलमात जिवंत मुनीसाठी अशी ओळ नाही. त्याचे संरक्षण करतात ते ‘उपद्रव’ व ‘असभ्यपणे’ हे शब्द, आणि त्यांचा अर्थ ठरविणारा भोवतालचा समाज. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीनच आहे.

समाजाचा हा कौल सर्वांस सारखाच लाभतो काय? शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्ती येथे रेणुकेच्या यात्रेत नग्न होऊन नवस फेडण्याची प्रथा होती. तीत दलित स्त्रियांचा भरणा मोठा होता. मार्च 1986 मध्ये ती रोखण्यास गेलेल्या दलित कार्यकर्त्यांस व पोलिसांस जमावाने मारहाण करून विवस्त्र केले. त्यानंतर कर्नाटक शासनाने या नग्नसेवेस बंदी घातली. बंदीची मागणी त्याच समाजाच्या जागृत मंडळींची होती, हे दृष्टीआड करता येणार नाही. मुनीची नग्नता स्वेच्छेची, दीर्घ साधनेअंती घेतलेली व पुरुषाची. तेथील नग्नता दारिद्र्य आणि देवीचा धाक यांनी लादलेली, व पाहणाऱ्यांत भक्तांपेक्षा बघेच फार. दोहोंस श्रद्धा हे एकच नाव देऊन तोलणे अन्यायाचे होईल. तथापि मुनीभोवती दान करणारा, संघटित व्यापारी समाज उभा होता आणि त्या स्त्रियांभोवती नव्हता, हाही भेदाचा एक भाग आहेच.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात नग्न चित्र केवळ नग्न म्हणून अश्लील ठरत नाही असे सांगून समकालीन समाजाच्या मानदंडाची कसोटी स्वीकारली. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने 294 वे कलम आता 296 वे झाले आहे. ‘उपद्रवा’ची अट तीत जशीच्या तशी आहे, आणि मुनीविषयी आजही त्यात काही लिहिलेले नाही.