पोलॅरिस आणि तीन तारखा

आमच्या टीममध्ये दर दुसऱ्या सोमवारी एक प्रश्न विचारला जातो, ‘याला किती दिवस लागतील?’ जे काम आजवर कुणी केलेलं नाही, त्याबद्दलही हाच प्रश्न येतो. मी मनात चार म्हणतो आणि तोंडाने सहा सांगतो. मॅनेजर सहाचे पाच करतो, कारण मी हातचं राखून बोलतो हे त्याला ठाऊक असतं. मग तो पाचाचा आकडा एका तक्त्यात जाऊन बसतो आणि तिथून पुढे त्याला वचनाचा दर्जा मिळतो. एकदा असंच वचन तीन महिन्यांनी चुकलं, तेव्हा या तक्त्यांचं मूळ शोधावंसं वाटलं. शोधताना मी जाऊन पोचलो ते थेट एका पाणबुडीपाशी.

1955च्या अखेरीस अमेरिकन नौदलाने समुद्रातून डागता येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी ‘स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस’ स्थापन केलं. त्याचे प्रमुख होते अ‍ॅडमिरल विल्यम रेबोर्न. सुरुवातीला भूदलाचं ‘ज्युपिटर’ हे द्रव इंधनाचं अवजड क्षेपणास्त्रच वापरायचं ठरलं होतं. पण असं इंधन पाणबुडीत बाळगणं म्हणजे आग उशाशी घेऊन झोपणं. 1956च्या उन्हाळ्यात नोब्स्का इथे शास्त्रज्ञांची एक अभ्यासबैठक झाली. क्षेपणास्त्र तयार होईपर्यंत अण्वस्त्रंही पुष्कळ हलकी झालेली असतील, तेव्हा आजचं वजन कशाला धरायचं, असा मुद्दा तिथे एडवर्ड टेलर यांनी मांडला. मग घन इंधनाचं छोटं क्षेपणास्त्र शक्य होतं. त्याच वर्षाच्या शेवटी नौदल ज्युपिटरमधून बाहेर पडलं आणि ‘पोलॅरिस’ची सुरुवात झाली. थोडक्यात, अस्तित्वात नसलेलं अण्वस्त्र गृहीत धरून, अस्तित्वात नसलेलं क्षेपणास्त्र, अस्तित्वात नसलेल्या पाणबुडीसाठी बनवायचं होतं.

4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुतनिक आकाशात गेला आणि मुदत अलीकडे ओढली गेली. 1960 सालीच पोलॅरिस समुद्रात हवं होतं.

त्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ मेथड’ आकाराला येत होती. कामं एकमेकांना बाणांनी जोडायची, सर्वांत लांब साखळी शोधायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. पण तिथे प्रश्न रासायनिक कारखान्यांच्या बांधकामाचा आणि देखभालीचा होता. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे अनुभवाने माहीत होतं. पोलॅरिसमध्ये नेमकं तेच माहीत नव्हतं.

म्हणून 1958 साली नौदल, बूझ अ‍ॅलन ही सल्लागार कंपनी आणि लॉकहीड यांच्या लोकांनी ‘पर्ट’ ही पद्धत बनवली. तिच्यात इंजिनिअरला एक तारीख विचारायची नाही, तीन विचारायच्या. सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती आणि सगळंच बिघडलं तर किती. मधल्या अंदाजाला चौपट वजन द्यायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. दोन, चार आणि बारा आठवडे असं उत्तर आलं, तर अपेक्षित वेळ पाच आठवडे. मला यातलं सूत्र तितकंसं भावलं नाही, भावली ती परवानगी. ‘मला नक्की माहीत नाही’ हे वाक्य इथे कबुलीजबाब राहत नाही, ती एक नोंद होते.

पण गणितात एक खोच होती. समजा, दोन कामं समांतर चालू आहेत आणि दोन्ही ठरल्या तारखेला संपण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता मग पावच उरते. एकमेकांवर अवलंबून नसलेली अशी दहा कामं असतील, तर ती 1,024 मध्ये 1 इतकी होते. पर्ट मात्र फक्त सर्वांत लांब साखळी मोजत असे, त्यामुळे तिची तारीख नेहमी थोडी लवकरचीच येई. पर्टचे एक जनक चार्ल्स क्लार्क यांना हे ठाऊक होतं, याच गणितावर त्यांनी 1961 साली स्वतंत्र लेख लिहिला. 1962 साली रँड संस्थेच्या मॅक्रिमन आणि रायव्हेक यांनी पर्टच्या सगळ्या गृहीतकांची चिरफाड केली. पण त्याच वर्षी अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा यांनी खर्चासह पर्ट वापरण्याची मार्गदर्शिका काढली. शंका मागे पडल्या, तक्ते पुढे गेले.

याचं कारण म्हणजे पोलॅरिस वेळेत झालं होतं. सुरुवातीच्या चाचण्या फसल्या, तरीही 20 जुलै 1960 रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडीने पाण्याखालून दोन क्षेपणास्त्रं यशस्वीपणे डागली. नोव्हेंबरात ती सोळा क्षेपणास्त्रं घेऊन गस्तीवर निघाली. श्रेय पर्टला मिळालं.

1972 साली हार्वे सॅपोल्स्की यांनी या प्रकल्पावर पुस्तक लिहिलं, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. तांत्रिक विभागांचे प्रमुख पर्टवर फारसे विसंबून नव्हते. पर्टचा मोठा उपयोग बाहेरच्यांसाठी होता. भिंतीवरचे तक्ते आणि संगणकाची छापील भेंडोळी पाहून संसदेचे आणि खात्याचे लोक आश्वस्त होत आणि इंजिनिअरांना त्यांचं काम करू देत.

मग प्रकल्प तरला कशाने? मला दोन निर्णय महत्त्वाचे वाटतात. नवी पाणबुडी मुळापासून बांधण्याऐवजी, बांधणी सुरू झालेली ‘स्कॉर्पियन’ ही पाणबुडी मधोमध वाढवून तिच्यात सुमारे 130 फुटांचा क्षेपणास्त्रांचा भाग घातला. आणि पहिल्या आवृत्तीचा पल्ला 1,500 सागरी मैलांऐवजी 1,200 चालेल, हे मान्य केलं. 1,500चा पल्ला 1962च्या ए-2ने गाठला आणि 2,500चा 1964च्या ए-3ने. तारीख हलणार नव्हती म्हणून त्यांनी मागणी हलवली. आमच्या तक्त्यात नेमका हाच रकाना नसतो.

कथा इथे संपती तर बरं झालं असतं. 1960च्या दशकाच्या मध्यात लक्षात आलं की, पोलॅरिसवरच्या डब्ल्यू-47 अण्वस्त्रांच्या सुरक्षा यंत्रणेत दोष आहे आणि त्यातली बरीचशी वेळ आल्यावर फुटलीच नसती. ती युद्धात कधी वापरली गेली नाहीत, याचा आनंदच आहे. पण सगळ्या तक्त्यांवर ‘पूर्ण’ अशी खूण झालेली वस्तू वर्षानुवर्षं समुद्रात फिरत होती आणि ती चालते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गेल्या सोमवारी पुन्हा तोच प्रश्न आला. मी म्हटलं, ‘दोन, चार किंवा बारा. आणि चारच हवे असतील, तर यातलं काय कमी करायचं ते आत्ता ठरवू.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मॅनेजरने तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, ‘बारा का?’ त्यानंतरचा तासभर आम्ही पहिल्यांदाच त्या कामाबद्दल बोललो.