कृत्रिम कळंक
कृत्रिम कळंक ही लाकूड, लोखंड किंवा प्लॅस्टरच्या वस्तूला केवळ रंगाने जुन्या तांब्याचे रूप देण्याची पद्धत होय. उघड्यावरील तांबे आधी तपकिरी-काळे पडते. पुढे ओलावा, कार्बन डायऑक्साइड व गंधकाची संयुगे यांमुळे त्यावर हिरवट थर चढतो. न्यूयॉर्कचा १८८६ साली उभारलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मुळात तांबूस होता. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात मात्र कळंक शोभेचा मानला जात नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतो व विषारी ठरू शकतो, म्हणून भांड्यांना आतून कथलाची कल्हई करतात.

रंगवताना प्रायमरवर ताम्रवर्णी रंग देऊन वाळल्यावर त्यावर पातळ तपकिरी हात देतात. मग फिका हिरवा व निळसर रंग स्पंजाने टिपतात. पाणी साचते वा ओघळते अशा खाचा-सांध्यांत तो दाट ठेवतात, तर उठावाच्या कडा फडक्याने पुसून तांबूस राखतात. सर्वत्र सारखा हिरवा रंग दिल्यास नक्कल लगेच उघडी पडते. शेवटी चकाकी नसलेले व्हार्निश लावतात.

खरा थर खालच्या तांब्याचे रक्षण करतो. रंगाचा आभास तसे करत नाही. प्रायमर न लावलेल्या लोखंडाचा गंज त्यातून वर येतो. अन्नाच्या भांड्यांवर हे रंगकाम करू नये.