हरभऱ्याचे शेंडे आणि मजुरीचा हिशेब

शहरातल्या महागड्या हॉटेलांत आता वाटाण्याचे कोवळे शेंडे ताटात सजून येतात. आपल्याकडे हिवाळा लागला की हरभऱ्याच्या भाजीच्या आणि घोळाण्याच्या पाककृती मोबाईलवर फिरायला लागतात. खाली ठरलेलं वाक्य असतं: 'आपल्या पूर्वजांचा पौष्टिक ठेवा.' कुणाच्या पूर्वजांचा? सातबारा ज्यांच्या नावावर होता त्यांच्या, की त्या शेतात दिवसभर वाकून ज्यांनी ही पानं खुडली त्यांच्या?

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड उंच वाढायचं सोडून बाजूला फुटतं. फांद्या वाढतात, फांद्यांना फुलं लागतात, फुलांचे घाटे होतात. आज कृषी विद्यापीठं खुडणीची रीतसर शिफारस करतात, त्यासाठी यंत्रंसुद्धा निघाली आहेत. म्हणजे खुडणी हे शेतीचं काम आहे, त्यानं मालकाचं उत्पन्न वाढतं. पण गावात ते काम म्हणून कधी मोजलं गेलं का? 'जा, न्या ओटीभर भाजी खुडून' असं मालकानं म्हणायचं आणि बाईनं उपकार मानायचे, अशी रीत. ती जे घेऊन गेली ते सगळ्यांना दिसलं. ती शेतात जे करून गेली ते कुणी हिशेबात धरलं नाही. या देशातल्या दलित श्रमाचा इतिहास असाच लिहिला गेला आहे: श्रम आमचे, आणि वर उपकारही आमच्यावरच.

त्या पानांवर आंब असते. खुडताना बोटं चरचरतात, कातडीला भेगा पडतात. चव येते तीही त्या आंबेमुळेच, म्हणून जुन्या बाया ही भाजी फार धूत नाहीत. कोवळी असेल तर कच्चीच चिरून कांदा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट आणि कच्चं तेल घालून घोळाणा. जरा निबर झाली की लसणाची फोडणी, आणि भाजी पुरवठ्याला यावी म्हणून ज्वारीच्या कण्या किंवा पीठ. उरली तर सावलीत वाळवून गाडग्यात भरायची, ती उन्हाळ्यात काम नसताना बाहेर निघायची. या पाककृतीत कण्या आहेत, कारण डाळ परवडत नव्हती. ज्या झाडाचा दाणा मालकाच्या कोठारात गेला, त्याच झाडाची पानं मजुराच्या चुलीवर शिजली. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नावर लिहिलेल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असं नाव दिलं, ते उगाच नाही.

वस्तूच्या रूपातल्या मोबदल्यात देणाऱ्याची मर्जी असते, हे बाबासाहेबांनी नेमकं ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाचं विधेयक मांडलं, त्यात बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करण्याची तरतूद होती. बलुतं निदान गावच्या रिवाजात तरी बसत होतं. ओटीतल्या पाल्याला तेवढाही आधार नव्हता.

मर्जीची मजुरी किती घातक असू शकते ते लाखोळीनं दाखवलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे उभ्या धानात लाखोळी फेकतात. तीही वाटाण्याचीच जातभाई, तिचेही कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. हिचा दाणा महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ला तर पाय लुळे पडतात. सागर भागात १८२९ पासून तीन वर्षं गव्हाची पिकं गेली, लोक लाखेवर जगले, आणि १८३३ पासून तरणीताठी माणसं पांगळी झाल्याची नोंद इंग्रज अधिकारी स्लीमन यानं केली आहे. ते निदान नैसर्गिक संकट तरी होतं. पुढे रीवा-सतना भागात जमीनदार वेठबिगार दलित-आदिवासींना मजुरीच या दाण्याच्या रूपात देत राहिले. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा मात्र आला १९७६ मध्ये. पंधरा वर्षं दाणा गुन्हेगार होता, देणारा मोकळा होता!

मग कुणी म्हणेल, गरीब सवर्णही पालाच खात होता. खात होता. पण त्याच्या घरी चार पैसे आले तर त्यानं तूप खाण्यावर कुणाची हरकत नव्हती. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची घटना सांगितली आहे. यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या लोकांना जेवण दिलं, पानात तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. तूप विकत आणलेलं होतं, पैसे त्याचे होते. तरीही चाललं नाही. आमच्या ताटातला पाला कुणाला खुपला नाही, कारण तो आम्हाला आमच्या जागी ठेवत होता. म्हणून या भाज्यांचा गौरव करणाऱ्यांना एवढं विचारावं लागतं की ही आवड होती की नेमून दिलेली हद्द?

दोन्ही होतं, असं मला वाटतं. आमच्या आज्यांना त्या भाजीची चव खरंच प्रिय होती आणि ती चव त्यांनी कमावलेली होती. कोणता शेंडा कधी खुडायचा, कोणती पाथरी कडू निघते, चंदनबटवा कुठवर कोवळा राहतो, हे ज्ञान निंदणीच्या ओळीत बसून मिळालेलं आहे. रानभाजी महोत्सवाच्या फलकावर भाजीचं शास्त्रीय नाव असतं, गुणधर्म असतात. ते ज्ञान ज्या वस्तीनं जपलं तिचं नाव नसतं.

आणि आता निंदणीच संपत चालली आहे. तणनाशकाच्या एका फवारणीत चंदनबटवा, घोळ, पाथरी जातात, त्यांच्याबरोबर आठ-दहा बायांचा रोजही जातो. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी औषध मारलेलं असतं, त्यामुळे शेंडे खुडायचीही सोय नाही. ज्या बाईनं जन्मभर ही भाजी फुकट आणली, ती आता आठवडी बाजारात तिची जुडी विकत घेते, तीही भाव करून.