गाईवर आलेला आळ

टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं नाव जनावरांच्या डॉक्टरांच्या तोंडी रुळलं ते एका निळ्या रंगामुळे. 1948 साली आल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी अमेरिकेत एक रक्तचाचणी बसवली. हे तेच सेबिन, ज्यांची पोलिओची तोंडी लस पुढे आपल्याकडे घरोघरी पोचली. चाचणीत जिवंत परजीवी घेऊन त्यांत तपासायच्या माणसाचा रक्तद्रव मिसळायचा आणि वर मिथिलीन ब्लू सोडायचा. रक्तात प्रतिपिंडं नसतील तर परजीवी गडद निळे होतात. असतील तर ते रंग धरत नाहीत.

परजीवी त्याआधी 40 वर्षं माहीत होता. 1908 मध्ये ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात दिसला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. आईच्या पोटातल्या बाळालाही तो गाठतो आणि त्याचा मेंदू, डोळे बिघडवतो, हे न्यूयॉर्कच्या वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी 1939 पर्यंत दाखवून दिलं. निळ्या चाचणीनंतर कळलं, की असंख्य धडधाकट माणसांच्या रक्तातही त्याची खूण आहे. मग तो येतो कुठून?

संशय मांसावर गेला, आणि तो रास्त होता. 1965 मध्ये देमाँ आणि सहकाऱ्यांनी पॅरिसजवळच्या क्षयरोगी मुलांच्या रुग्णालयातले आकडे मांडले. तिथे मुलांना औषधासारखं अर्धकच्चं मांस खायला घालत. एरवी दर वर्षी नव्याने लागण होण्याचं प्रमाण होतं 10 टक्के. गाईचं किंवा घोड्याचं जेमतेम शेकलेलं मांस मिळणाऱ्या मुलांत ते 50 झालं, आणि त्यात कोकराच्या अर्धकच्च्या चॉप्सची भर पडली तेव्हा 100. हा पुरावा फार मोलाचा आहे. तरी तो वाचताना आधीच क्षयाने खंगलेल्या त्या मुलांचा विचार मनातून जात नाही.

पण नुसत्या मांसाने कोडं सुटत नव्हतं, आणि ते आपल्या मुंबईनेच आधी दाखवलं होतं. रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त याच निळ्या चाचणीने तपासलं. 1959 मध्ये छापलेल्या त्या पाहणीत दोन्ही गटांतलं प्रमाण साधारण सारखंच निघालं. या इतिहासात रावल यांचं काम एखाद्या ओळीत उरकलं जातं. मला ते निर्णायक वाटतं, कारण जन्मात मांस न शिवलेल्या माणसाला हा परजीवी गाठत असेल, तर दुसरी वाट असलीच पाहिजे. ती वाट मांजराची. ग्लासगोच्या हचिसन यांनी 1965 मध्ये मांजराच्या विष्ठेकडे बोट दाखवलं, आणि 1970 पर्यंत पक्कं झालं की या परजीवीचं लैंगिक चक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होतं. तिथून पडणाऱ्या टणक कवचाच्या पुट्या मातीत, पाण्यात, वैरणीत मिसळतात. हे सिद्ध करणाऱ्यांत जितेंद्र दुबे होते, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले.

गाईचं काय झालं, ते आता. न्यूझीलंडमध्ये 1950च्या दशकात मेंढ्या याच परजीवीमुळे गाभडतात असं सिद्ध झालं होतं. तेव्हा गाय गाभडली की तिच्यावरही तोच आळ आला, आणि निळी चाचणी साक्षीला उभी राहिली. पण ही साक्ष कच्ची होती. गाईगुरांच्या रक्तद्रवात ही चाचणी भरवशाची नाही. प्रत्यक्षात गाय या परजीवीला चांगली पुरून उरते. लहान वासरांना ताप येतो, धाप लागते. मोठ्या गाईला बहुधा काही जाणवतही नाही.

मग गाई गाभडत होत्या कशाने? उत्तराचा धागा कुत्र्यांत सापडला. 1988 मध्ये दुबे आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या एका पशुरुग्णालयात जपून ठेवलेले, टॉक्सोप्लाझ्माने मेले असं समजलेल्या कुत्र्यांचे ऊतींचे नमुने पुन्हा पाहिले. त्यांतल्या काहींमध्ये वेगळाच परजीवी निघाला. त्याला नाव मिळालं निओस्पोरा कॅनिनम. थोड्याच दिवसांत गाभडलेल्या वासरांतही तो सापडू लागला, आणि 1998 मध्ये कळलं की त्याच्या पुट्या कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात. गाईकडून कालवडीकडे तो पोटातूनच जातो, पिढ्यानपिढ्या. माणसाला त्याने आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही.

गाय टॉक्सोप्लाझ्माला पुरून उरते, म्हणून गोमांस निर्धोक ठरलं का? अमेरिकेत दुकानांतले गोमांसाचे 2,094 नमुने मांजरांना खाऊ घालून पाहिले, एकातूनही लागण झाली नाही. उलट नेदरलँड्समधल्या एका अंदाजाने मांसातून होणाऱ्या लागणीतला सुमारे दोन-तृतीयांश वाटा गोमांसाला दिला, कारण तिथे ते कच्चं खातात. मांसात दडलेले परजीवीचे कोश थोडे असले तरी कच्च्या घासात ते जिवंत पोटात जातात. मांस आतपर्यंत 67 अंश सेल्सिअसला तापलं की ते मरतात, आणि आपला रटरटणारा रस्सा त्याच्या कितीतरी पुढे जातो.

गोठ्यात गाय गाभडली तर मेलेलं वासरू आणि जार कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचा नाही, कारण निओस्पोराची साखळी तिथेच जुळते. हातमोजे घालायचे ते मुख्यतः ब्रुसेला या माणसालाही लागणाऱ्या जिवाणूसाठी. पोटुशी बाईने टॉक्सोप्लाझ्मासाठी जपायचं ते वेगळ्या जागी: शेळी-मेंढी विताना लांब राहायचं, मटण चाखून पाहायचं ते शिजल्यावरच, आणि मातीतून आलेली भाजी व मातीत घातलेले हात नीट धुवायचे.