मार्सेल्सच्या धक्क्यावर

परदेशच्या लांब प्रवासात एक वेळ अशी येते की नवे काही पाहण्याची इच्छाच उरत नाही. राजवाडे, चित्रशाळा, पुतळे, सारे एकमेकांत मिसळून जाते. मार्सेल्सला पोचलो तेव्हा माझी अशीच अवस्था झाली होती. परंतु या शहराने मला पुन्हा जागे केले.

जुने बंदर तीन बाजूंनी शहराने वेढलेले आहे. चौथ्या बाजूस दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्यामधील चिंचोळ्या वाटेने समुद्र आत येतो. सकाळी धक्क्यावर मासळीचा बाजार भरतो. मुंबईचा ससून डॉक पाहिलेल्यास तो फारच छोटा वाटेल, पण घासाघीस तीच. दक्षिणेच्या टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्दचे मंदिर आहे. आत छताला गलबतांच्या चिमुकल्या प्रतिकृती टांगलेल्या दिसतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस! आपल्याकडे देवीपुढे बांधलेल्या पाळण्यांची आठवण झाली.

या नगराच्या जन्माची दंतकथा मोठी गोड आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे फोकाया येथील ग्रीक व्यापारी या किनाऱ्यास लागले. त्याच दिवशी तेथील राजाच्या कन्येचे, जिप्तिसचे, स्वयंवर होते. ती ज्याच्या हाती पाण्याचा पेला देईल, तो वर. तिने तो पेला दिला नुकत्याच उतरलेल्या परक्या प्रोतिसला! जावयाला किनाऱ्यावर जागा मिळाली आणि मस्सालिया नगर वसले. दमयंतीची कथा ऐकत वाढलेल्या आपणास यात नवल वाटू नये. नवल एवढेच, की दारी आलेल्या परक्याला पाणी देऊन ज्या गावाचा संसार सुरू झाला, त्या गावाच्या दारात पुढे काय काय घडले!

२५ मे १७२० रोजी ‘ग्राँ सेंत-आंत्वान’ नावाचे जहाज लेव्हांटहून कापूस आणि रेशीम घेऊन येथे आले. वाटेत त्यावरील अनेक माणसे तापाने दगावली होती. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांसाठी मार्सेल्सचे नियम कडक होते. अशा संशयित जहाजाला दूरच्या जार बेटाशी अडवून ठेवावयाचे, माणसे आणि माल दोन्ही वेगळे ठेवावयाचे. परंतु मालात शहराच्या थोरामोठ्यांचा पैसा गुंतला होता. नगरपालांतील पहिला, एस्तेल, हाही त्यांतलाच. जुलैमध्ये बोकेरची मोठी जत्रा होती आणि माल तेथे जावयाचा होता. नियम मोडला असे कोणी म्हटले नाही. तो थोडा वाकविला, इतकेच. मौल्यवान माल बेटाऐवजी शहरालगतच्या विलगीकरणाच्या वखारीत उतरला.

जून संपण्यापूर्वीच जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत माणसे मरू लागली. सुमारे नव्वद हजारांच्या शहरातील चाळीस हजारांवर माणसे प्लेगने गेली. किल्ल्याजवळच्या तूरेतच्या मैदानात प्रेतांचा खच पडला होता. तो उचलण्यास शेव्हालिए रोझ कैद्यांना घेऊन गेला. सप्टेंबरात ते जहाज सरकारी हुकुमाने जार बेटापाशी जाळण्यात आले. त्याचा कप्तान समोरच्या शातो दीफच्या तुरुंगात पडला. आज त्या किल्ल्यात प्रवासी जातात ते द्यूमाच्या कादंबरीतील नायकाची कोठडी पाहावयास. खऱ्या कैद्याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

जहाजाचा नांगर समुद्रातून काढून शहराच्या इतिहाससंग्रहालयात ठेवला आहे. त्याच्यापुढे उभा असता मला दुसरे एक जहाज आठवले. ‘मोरिया’!

८ जुलै १९१० च्या सकाळी याच शहराच्या बंदरात विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’च्या गवाक्षातून उडी घेतली. खटल्यासाठी त्यांना इंग्लंडहून हिंदुस्थानात नेत होते. पाण्यातून ते धक्क्यावर आले, फ्रान्सच्या भूमीवर धावले. आश्रय मागण्यापुरती जमीन पायाखाली होती. पण एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि काही मिनिटांतच ते पुन्हा जहाजावर, इंग्रजांच्या हाती होते. पुढे फ्रान्सने त्यांना परत मागितले. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: शिपायाच्या हातून अनियमितपणा घडला खरा, पण कैद्याला परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही! त्यापूर्वीच सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या होत्या.

सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो. मला त्या धक्क्यावर जे दिसले ते निराळेच. १७२० साली नियम वाकला तो गाठोड्यांसाठी, कारण त्यांना धनी होता. १९१० साली तो वाकला एका कैद्याविरुद्ध, कारण त्याच्या बाजूने बोलणारे त्या क्षणी कोणी नव्हते. दोन्ही वेळा दारावर माणूस होता, हाती नियम होता. कमी पडली ती फक्त थोडी छाती.

परतताना उत्तर धक्क्यावरून चाललो. जुन्या नगरभवनामागे सरळ, एकसारख्या इमारतींची रांग दिसते. येथील सुमारे वीस हजार रहिवाशांना जानेवारी १९४३ मध्ये घराबाहेर काढले आणि फेब्रुवारीत जर्मनांनी हा भाग सुरुंगांनी उडविला. घरे रिकामी करण्याच्या कामी फ्रेंच पोलीसही होते. पुन्हा दार, पुन्हा शिपाई, पुन्हा वरून आलेला हुकूम!

शाळेत मी ‘मोरिया’वरील उडी अनेकदा शिकविली आहे. मुले डोळे विस्फारून ऐकतात, आणि उडी संपली की धडा संपतो. आता मात्र धक्क्यावरच्या त्या शिपायापाशी मी थोडा थांबणार आहे. कारण वर्गातल्या साऱ्याच मुलांना काही अशी उडी घ्यावी लागणार नाही. दारावर उभे राहण्याची पाळी मात्र बहुतेकांवर येईल.