सुई आणि संगीन

युद्धाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा सेनापतींचे डावपेच आणि तोफांची संख्या यांची नोंद अगत्याने होते. सैनिकाच्या पायांत कोरडे मोजे होते की नव्हते, हा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात मात्र या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाने एका बलाढ्य साम्राज्याला विचार करावयास लावले.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडमध्ये घरोघर सुया चालू लागल्या. राणी मेरीच्या आश्रयाखाली शिवणमंडळ उभे राहिले. सैन्यभरती झपाट्याने वाढत होती आणि सरकारी कोठारे त्या मानाने रिती होती. तेव्हा युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्या विनंतीवरून राणीने देशातील स्त्रियांकडे मोज्यांचे ३ लाख जोड आणि पोटाला गुंडाळावयाचे ३ लाख लोकरी पट्टे मागितले.

परंतु या उत्साहाला दुसरी बाजू होती. युद्ध सुरू होताच चैनीच्या वस्त्रांची मागणी घटली आणि शिवणकामावर पोट भरणाऱ्या कितीतरी स्त्रिया बेकार झाल्या. ज्या सदऱ्याची मजुरी त्यांना मिळावयाची, तोच सदरा सुखवस्तू घरातील स्त्री फुकट शिवू लागली, तर या बायांनी खावे काय? कामकरी स्त्रियांच्या पुढारी मेरी मॅकार्थर यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. राणीने त्यांना बोलावून घेतले. आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच बेकार स्त्रियांना वेतनाचे काम देण्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. त्या योजनेतील कामशाळांत आठवड्याला फार तर १० शिलिंग मिळत, आणि हे वेतन अपुरे आहे अशी टीकाही झाली. तरी एक तत्त्व मान्य झाले : एकीच्या परोपकाराने दुसरीची भाकरी हिरावली जाता कामा नये.

याच सुमारास, ६ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेहून निघालेले गांधीजी कस्तुरबांसह लंडनला पोहोचले. तेथील ‘लायसियम’ या स्त्रियांच्या क्लबने सैनिकांसाठी कपडे शिवण्याचे काम अंगावर घेतले होते. क्लबच्या सभासद सरोजिनी नायडू यांनी मापाप्रमाणे बेतलेल्या कपड्यांचा ढीग गांधीजींपुढे ठेवला आणि ते सारे शिवून आणून देण्यास सांगितले. प्रथमोपचाराचे शिक्षण घेता घेता, मित्रांच्या साहाय्याने, त्यांनी जमतील तेवढे कपडे तयार करून दिले. सरोजिनीबाईंशी आपला पहिला परिचय या निमित्ताने झाला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ज्यांनी त्याच साम्राज्याला आव्हान दिले, त्यांची ओळख त्या साम्राज्याच्या सैनिकांचे कपडे शिवताना व्हावी, हा इतिहासाचा एक चमत्कारच होय.

या वस्त्रांची गरज हिंदी सैनिकांना तर विशेषच होती. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजनच्या पलटणी फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरू लागल्या. अनेकांच्या अंगावर उष्ण प्रदेशातील सुती गणवेश होते. आणि ऑक्टोबरअखेर याच सैन्याला फ्लँडर्सच्या चिखलात उभे राहावे लागले. खंदकातील गार पाण्यात दिवसचे दिवस राहून पाय सुजत, बधिर होत, क्वचित कुजतही. अशा ठिकाणी कोरड्या मोज्यांचा एक जोड हे औषधच होते. लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन सोल्जर्स फंडा’ने त्यांच्यासाठी उबदार कपडे पाठविले.

मात्र केवळ सद्भावना पुरेशी नव्हती. मोज्याच्या टोकाशी गाठ राहिली, तर मैलोगणती चालणाऱ्या शिपायाच्या पायाला त्याच प्रेमाने फोड येत. शिवाय एका पलटणीत गळपट्ट्यांचा पूर आणि दुसरीत दुष्काळ, असेही घडे. म्हणून सप्टेंबर १९१५ मध्ये सर एडवर्ड वॉर्ड यांची या सर्व ऐच्छिक संस्थांच्या कामाची सांगड घालण्यासाठी नेमणूक झाली. कोठे काय हवे, ते कोणत्या मापाचे हवे, हे विणणाऱ्या हातांना कळू लागले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीकाठी चिनी आक्रमणाला तोंड देणाऱ्या भारतीय जवानांपैकी अनेकांच्या अंगावर हिमालयाच्या थंडीत सुती कपडेच होते. ही वार्ता पसरताच देशभर स्त्रियांनी लोकर हाती घेतली. त्या स्वेटरांतील माया खरी होती. पण ती जवानाला वेळेवर मिळावयास हव्या होत्या त्या कपड्यांची जागा घेऊ शकत नव्हती. घरची सुई सैनिकाला सांगते की तू विसरला गेला नाहीस. त्याला थंडीपासून वाचविणे हे मात्र राज्याचे कर्तव्य आहे, आणि ते लढाईपूर्वीच पार पाडावे लागते.