आदर्श उष्णतावाहक (विज्ञानकथेतील)

उष्णतेला कसलाही विरोध न करणारा काल्पनिक पदार्थ. फूर्ये यांच्या नियमानुसार (१८२२) उष्णता वाहण्यासाठी दोन टोकांच्या तापमानांत फरक लागतो. या पदार्थात फरक नसतानाही ती वाहते, म्हणून तो सर्वत्र एकाच तापमानाला राहतो.

साहित्यातील उदाहरण : लॅरी निव्हन यांच्या ‘द रिंगवर्ल्ड इंजिनियर्स’ (१९८०) या कादंबरीतील अतिसंवाहक कापड विजेबरोबर उष्णताही विनासायास वाहून नेते. त्याच कादंबरीतील आरशासारखी सूर्यफुले ऊन एकवटून समोर येईल ते जाळतात. नायक लुई वू कापडाचे एक टोक समुद्रात सोडतो. फुलांनी कापडावर टाकलेली उष्णता पाण्यात उतरते, पाण्याची वाफ होऊन ढग दाटतात आणि उन्हाअभावी फुले निष्प्रभ होतात.

वास्तव : विजेचा खरा अतिसंवाहक उष्णतेचा मात्र चांगला वाहक नसतो. त्यातील वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या उष्णता नेत नाहीत. सामान्य तापमानाला तांब्याची उष्णता संवाहकता सुमारे ४००, तर हिऱ्याची २,००० वॅट प्रति मीटर-केल्विनहून अधिक असते. कल्पनेच्या सर्वांत जवळ जातो तो २.१७ केल्विनखालील अतिप्रवाही हेलियम. उकळणाऱ्या द्रव हेलियमचे तापमान या मर्यादेखाली येताच बुडबुडे एकाएकी थांबतात, कारण द्रवातील कोणतीही एक जागा वेगळी तापू शकत नाही. सर्न या संशोधन संस्थेच्या महाकाय कणत्वरकातील चुंबक याच हेलियमने १.९ केल्विनला थंड ठेवले जातात.

सोलापूरच्या संदर्भात : भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर निव्हनच्या कापडाच्या नेमकी उलट आहे. सुताच्या जाड विणीत अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. फताटेवाडीच्या एनटीपीसी औष्णिक केंद्राचे (प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच) काम याच्या उलट आहे. तेथे बॉयलरची उष्णता नळ्यांच्या भिंतींतून पाण्यात उतरते आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेची उष्णता संघनकातून काढून घ्यावी लागते. या केंद्राला पाणी उजनी धरणातून मिळते. नळ्या आदर्श वाहकाच्या केल्या तरी थोडी कार्यक्षमता वाढेल, एवढेच. थंड पाण्याची गरज संपणार नाही, कारण वाहक उष्णता नाहीशी करत नाही, केवळ हलवतो. विज्ञानकथेतील अशा पदार्थाची पारख करताना उष्णता शेवटी कोठे जाते, हे आधी पाहावे.